अ‍ॅथल डनेट आणि तबकडीची खरखर

ओअमारू ह्या आमच्या लहानशा गावात बुटांची दोन दुकानं होती. स्टेशनजवळच्या दुकानात गमबूट आणि कत्तलखान्यातल्या कामगारांचे जाड बूट मिळायचे. बाकी सगळे, म्हणजे शाळेचे, चर्चचे, लग्नाचे आणि म्हातारपणी पाय सुजल्यावर लागणारे बूट टेम्स स्ट्रीटवर डनेट यांच्याकडे. मी एकोणिसाव्या वर्षी तिथे कामाला लागले आणि दुकान विकलं जाईपर्यंत तिथेच राहिले. त्यामुळे मिस्टर डनेट यांच्याबद्दल गावात जे काही सांगतात, त्यातलं बरंचसं मी जवळून पाहिलेलं आहे.

उंच, जरासा वाकलेला, कमी बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या पायाशी एका गुडघ्यावर बसायचे, बुटावरून अंगठा कुठे येतो ते चाचपायचे आणि "चालून बघा" एवढंच म्हणायचे. दुकानात कधी गुणगुणले नाहीत, कधी शीळ घातली नाही. कोणाला सांगूनही पटलं नसतं की ह्या माणसाच्या घरी चार हजारांवर रेकॉर्ड्स आहेत, त्याही सगळ्या पाश्चात्य अभिजात संगीताच्या.

ह्याची सुरुवात इटलीत झाली, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं. युद्धाच्या शेवटी कावीळ होऊन ते तिथल्या लष्करी इस्पितळात पडून होते. एका नर्सकडे ग्रामोफोन होता आणि एका चतुष्काची, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेची, पहिली तबकडी होती. त्या संचातल्या पुढच्या तबकड्या प्रवासात फुटल्या होत्या. ती नर्स रोज दुपारी तेवढीच वाजवायची. पुढे काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. "मला गाण्यातलं काही कळत नव्हतं," ते म्हणाले, "पण एखाद्यानं गोष्ट अर्धी सांगून उठून जावं तसं झालं. घरी आल्यावर पुढचं ऐकायला म्हणून पहिली रेकॉर्ड घेतली." आणि ती नर्सची तबकडी इतकी झिजलेली होती, की व्हायोलिनपेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. त्या खरखरीचा त्यांनी आयुष्यभर राग धरला.

त्या काळी परदेशी मालावर सरकारची बंधनं होती. हवी ती रेकॉर्ड दुकानात मिळेल, असं नव्हतं. मिस्टर डनेट लंडनच्या एका दुकानाला मागणी पाठवायचे आणि मग बोटीची वाट बघत बसायचे. पार्सल आलं की पोस्टमन दुकानात डोकावून नुसता मान हलवायचा. त्या दिवशी मिस्टर डनेट गिऱ्हाइकांशी जास्तच सौम्य बोलायचे. एकदा तर त्यांनी वेलिंग्टनहून आलेल्या एका बाईला दोन वेगवेगळ्या मापांचे बूट एकाच जोडीच्या किमतीत दिले, कारण तिचा एक पाय मोठा होता. तिला वाटलं, हा ह्या दुकानाचा रिवाजच आहे. तिनं पुढे दोन बहिणी पाठवल्या.

घराच्या मागच्या बाजूची एक खोली त्यांनी रेकॉर्ड्ससाठी ठेवली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लोकरीच्या गोण्या ठोकलेल्या. स्पीकरच्या पेट्या गावच्याच पांढऱ्या दगडाच्या, करवतीनं कापून स्वतः बनवलेल्या. लाकूड थरथरतं आणि दगड थरथरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या आत न्यायला चार माणसं लागली आणि दाराची चौकट काढावी लागली. त्यांची बायको नोएलीन सांगायची, "लग्नात मला ह्यानं उचलून आत नेलं नाही, पण ते दगड मात्र नेले."

महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे बैठक असायची. आम्ही दहा-बारा जण. दारात बूट काढायचे, हात साबणानं धुवायचे, खोकला असेल तर यायचं नाही. बूट विकणारा माणूस पाहुण्यांना बूट काढायला लावतो, ह्यावर गावात पुष्कळ विनोद झाले. खरं कारण एवढंच होतं, की जमीन लाकडी होती आणि टाच आपटली की सुई उडायची. नोएलीन एकदा आत विणत बसली होती. विणकामाच्या सुयांचा आवाज येतो म्हणून तिला स्वयंपाकघरात पाठवलं. तेव्हापासून ती तिथेच बसायची आणि मध्यंतरात चीज रोल आणि चहा घेऊन यायची. तिला ते संगीत आवडत नव्हतं आणि ती ते लपवतही नव्हती.

बैठकीत मिस्टर डनेट आधी उभे राहून दोन वाक्यं बोलत. मग मखमली गादीनं तबकडी पुसत. दुकानात बूट चमकवायला यायच्या त्यांतलीच ती एक, पण हिला कधी पॉलिश लागलेलं नसे. मग सुई ठेवत आणि डोळे मिटत. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडायचं म्हणाल, तर सुई ठेवल्यावर आणि वादन सुरू होण्यापूर्वी जी शांतता असते ती. "ऐका," ते बोट वर करून म्हणायचे. आम्ही ऐकायचो. काहीच नसायचं. "बघा," ते म्हणायचे.

हे सगळ्यांना पटायचं, फक्त मिस किनेर्डना नाही.

मिस आयला किनेर्ड पियानो शिकवायच्या. अर्ध्या गावाची बोटं त्यांच्या हाताखालून गेलेली. ठेंगणी, ताठ बसणारी बाई. बैठक सुरू झाली त्या वर्षापासून यायच्या आणि कायम खिडकीजवळच्या सरळ पाठीच्या खुर्चीवर बसायच्या. रेकॉर्ड म्हणजे डबाबंद वाटाणे, असं त्यांचं मत होतं. मग येता कशाला, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "हिवाळ्यात ताजे मिळत नाहीत म्हणून."

त्यांची आणि मिस्टर डनेट यांची प्रत्येक बैठकीत जुंपायची. गावात इतके जण एकमेकांना नावानं हाक मारायचे, पण ह्या दोघांनी 'मिस्टर' आणि 'मिस' कधी सोडलं नाही. त्यामुळे भांडणाला एक प्रकारची अदब होती.

"मिस्टर डनेट, ह्या माणसाला आगगाडी पकडायची आहे का? शूबर्टनं इथे थांबायला सांगितलंय आणि हा पळत सुटलाय."

"वादकाचं सोडा हो. मागे काही ऐकू येतंय का बघा. काही नाही. केवढी स्वच्छ रेकॉर्ड आहे!"

"स्वच्छ तर माझं न्हाणीघरही आहे. तिथे कोणी कान लावून बसत नाही."

"तुम्हाला आवाजाची किंमत नाही, मिस किनेर्ड."

"तुम्ही संगीत ऐकतच नाही. तुम्ही प्लास्टिक ऐकता."

"आणि तुम्ही ऐकता ऐकता मनातल्या मनात त्या बिचाऱ्याच्या बोटांवर पट्टी मारत असता. मला इथून दिसतं."

मग एरल हसायचा. एरल जवळच्या काकानुई गावातला बटाट्याचा शेतकरी. वयानं माझ्याएवढा, मोजे कायम फाटके. त्याच्या हसण्यानं भांडण संपायचं आणि नोएलीन चहा आणायची. असं जवळजवळ तीस वर्षं चाललं.

मिस्टर डनेट पासष्टीला आले तेव्हा दुकानात काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. दाराला एक लहानशी घंटा होती. ती वाजली तरी ते खोक्यांमध्ये डोकं घालून बसलेले असायचे. लहान मुलं काही म्हणाली की ते आईकडे बघायचे. पुरुषांचं बोलणं मात्र नीट कळायचं. वसंतात एकदा ते म्हणाले, "ह्या वर्षी बेलबर्ड पक्षी आलेच नाहीत." मी नोएलीनला सांगितलं. ती म्हणाली, "आले नाहीत? मागच्या झाडावर पहाटेपासून नुसता गोंधळ घालतात. मी खिडकी लावून घेते."



त्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक बैठक मला चांगली आठवते. लंडनहून एक पियानोची रेकॉर्ड आली होती. मिस्टर डनेट यांनी ती बरेच दिवस मागवून ठेवलेली. वाटेत पार्सलवर काहीतरी सांडलं असावं किंवा ते उन्हात पडलं असावं. बाहेरून खोकं ठीक दिसत होतं. ते उठून म्हणाले, "मिस किनेर्ड, आज तुम्हाला काही बोलायला जागा नाही. हिच्याइतकी शांत रेकॉर्ड ह्या घरात आलेली नाही. काल दोनदा ऐकलीय."

सुई ठेवली आणि तव्यावर बेकन टाकावं तसा आवाज सुरू झाला. चर्र, चट, चट. त्यातून कुठेतरी पियानो. एरलनं तोंड उघडलं. त्याच्या शेजारच्या बाईंनी त्याच्या पायावर पाय ठेवला. मिस्टर डनेट डोळे मिटून बसले होते, मान किंचित कलती, ओठांवर हसू. बाजू संपेपर्यंत कोणी हललं नाही.

"काय?" त्यांनी डोळे उघडले. "ऐकलीत शांतता?"

सगळे आपापल्या मोज्यांकडे बघत होते. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मिस किनेर्डकडे बघितलं. मी मनात म्हटलं, झालं आता.

मिस किनेर्ड त्यांचा हसरा चेहरा न्याहाळत होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "फार स्वच्छ आहे."

चहाच्या वेळी मी स्वयंपाकघरात बशा घ्यायला गेले तर त्या तिथे उभ्या होत्या. नोएलीन चीज रोलवर लोणी लावत होती.

"केव्हापासून?" मिस किनेर्डनी विचारलं.

"मला वर्षभरापासून वाटतंय," नोएलीन म्हणाली. "पण नवऱ्याला माझं ऐकू येत नाही, ही तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेले तर डॉक्टर काय म्हणेल? घरोघरी तेच."

"सांगायला हवं त्यांना," मी म्हटलं.

"तू सांग," नोएलीन म्हणाली.

मी बशा उचलल्या. मिस किनेर्डनी एक चीज रोल उचलला, बघितला आणि परत ठेवला. "मुलांचे सूर चुकले की मी सांगते, कारण ते सुधारता येतात," त्या म्हणाल्या. "हे सांगून काय होणार?" आणि त्या बाहेर गेल्या.

त्यानंतर बैठकीत मोठा फरक पडला. मिस्टर डनेट काही म्हणाले, की मिस किनेर्ड "हो" म्हणायच्या. वादक घाईत असला तरी हो, रेकॉर्ड खराब असली तरी हो. एकदा एका व्हायोलिनवादकानं मधला भाग असा काही ओढला, की मलासुद्धा कंटाळा आला, आणि त्या म्हणाल्या, "छान शांतपणे वाजवलंय." बाकीचे सगळे त्यांच्या मागून माना हलवायचे. बैठक लवकर संपायला लागली. एरलनं हसायचं सोडलं, कारण हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, एके सकाळी मिस्टर डनेट दुकानात माझ्याजवळ आले. "मिस किनेर्ड बऱ्या नाहीत वाटतं," ते म्हणाले.

"का? काय झालं?"

"तुझ्या लक्षात आलं नाही? ती बाई माझ्याशी भांडत नाही. कित्येक महिने झाले. मी मुद्दाम परवा म्हटलं, की हायडनच्या संगीतापेक्षा रेकॉर्डचं वेष्टन जास्त चांगलं आहे. तर म्हणाल्या, असेलही." त्यांचा चेहरा खरंच चिंतेत होता. "माझी आत्या शेवटी अशीच गोड झाली होती. तीन आठवड्यांत गेली."

 ते आत गेले, फडताळातून घरात घालायच्या मेंढीच्या कातड्याच्या सपाता काढल्या, बायकांचं पाच नंबरचं माप. "त्यांच्या घरी मी एकटा कसा जाणार? तू चल बरोबर. नोएलीननं सूप दिलंय."

दुकान जेवणाच्या सुट्टीत बंद करून आम्ही मिस किनेर्डकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, तेव्हा मिस्टर डनेट एका हातात सपाता आणि दुसऱ्या हातात सूपचं भांडं घेऊन उभे होते.

"हे काय?" मिस किनेर्ड म्हणाल्या.

"पाय गरम ठेवायला. आणि हे भोपळ्याचं सूप आहे. तुम्ही पडून का नाही राहत?"

"मी कशाला पडून राहू?"

"हे बघा, माझ्यापासून लपवायची गरज नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर? मला काय झालंय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला काय झालंय गं?"

"तुम्ही भांडत नाही," मिस्टर डनेट म्हणाले. "तीस वर्षं तुम्ही माझ्या एकाही रेकॉर्डला धड म्हटलं नाहीत. आता सगळ्याला हो म्हणता. निरोगी माणूस असं करत नाही."

मिस किनेर्डनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "आत या. दोघंही या."

पुढच्या खोलीत त्यांचा पियानो होता. त्यांनी मिस्टर डनेटना पियानोकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं. भांडं अजून त्यांच्या मांडीवरच होतं. "मी एकेक स्वर वाजवते," त्या म्हणाल्या. "खालून वर जाते. मी थांबले की सांगा."

त्यांनी मधल्या स्वरापासून सुरुवात केली, एकेक पट्टी, सगळ्या सारख्याच जोरानं. त्या चढत गेल्या. उजव्या टोकाशी अजून बऱ्याच पट्ट्या शिल्लक होत्या, तेव्हा मिस्टर डनेट म्हणाले, "थांबलात."

त्या वाजवतच राहिल्या. मला तो आवाज टोचत होता, इतका बारीक आणि स्पष्ट.

"आता नुसतं ठकठक येतंय," मिस्टर डनेट म्हणाले. "लाकडाचं. काय करताय तुम्ही?" आणि ते वळले. मिस किनेर्डचं बोट शेवटच्या पट्टीवर होतं. त्यांनी ती अजून एकदा दाबली, मिस्टर डनेट यांच्या डोळ्यांसमोर.

 मिस्टर डनेट यांनी सूपचं भांडं सांभाळून जमिनीवर ठेवलं.

"ती लंडनची," ते म्हणाले. "पियानोची. ती कशी आहे?"

"खरखराट आहे नुसता," मिस किनेर्ड म्हणाल्या. "शेकोटीत ओलं लाकूड टाकावं तसा."

"आणि तो वादक?"

"वादक चांगला आहे."

"मग खोटं का बोललात?"

"कारण तुम्ही फार खुशीत होता."

ते उठले. मला म्हणाले, "चल, दुकान उघडायचं आहे." बाहेर बंदरावरून गार वारा येत होता. वाटेत ते एकदाच बोलले. "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि त्या विषयावर माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्यांनी डनीडन शहरात जाऊन कान तपासून घेतले. कानाला लावायचं यंत्र मिळालं. ते लावून त्यांनी एक रेकॉर्ड लावली आणि दुसऱ्या मिनिटाला बंद केली. नोएलीनच्या म्हणण्याप्रमाणे ते म्हणाले, "कोणीतरी चमच्यांचा खण जिन्यावरून ढकलून दिलाय." यंत्र दुकानात लावायचे, गिऱ्हाइकांसाठी. घरी काढून ठेवायचे. लंडनच्या दुकानाला कळवून टाकलं, की आता काही पाठवू नका. बैठक बंद झाली. रविवारी दुपारी ते त्या खोलीत जाऊन बसायचे आणि रेकॉर्ड्सच्या वेष्टनांवरचा मजकूर वाचायचे.

"मला वाटलं होतं रडेल तरी," नोएलीन मला म्हणाली. "तर म्हणे, कोबी कधी लावायचा? चाळीस वर्षांत कधी कोबीकडे बघितलं नाही ह्यानं." तिनं तो त्यांच्याकडून लावूनही घेतला.

असं दीड-एक वर्ष गेलं. मग एरलची मावशी वारली. हॅम्पडनजवळ तिचं जुनं शेतघर होतं. ते रिकामं करताना माळ्यावर जुन्या लाखेच्या तबकड्यांची खोकी सापडली, ग्रामोफोनच्या जमान्यातल्या, चिनी मातीच्या ताटासारख्या जड. एरल त्या कचऱ्यात टाकणार होता. पण वाटेत त्यानं ट्रक डनेट यांच्या घरापाशी उभा केला.

मी तेव्हा नोएलीनकडे होते. मिस्टर डनेट बाहेर आले, खोक्यात बघितलं आणि म्हणाले, "हे असलं काही मी घरात येऊ देत नाही. ह्यात संगीत कमी आणि वाळू जास्त."

"फेकून देऊ ना?" एरल म्हणाला. "की मोटारीच्या खोलीत ठेवता? बटाटेही आणलेत, तेही तिथेच ठेवतो."

बटाट्यांबरोबर तबकड्याही राहिल्या. मिस्टर डनेट यांच्याकडे तसल्या तबकड्या वाजवणारं एक जुनं यंत्र होतं, तेही तिथेच पडलेलं. पुढच्या आठवड्यात पाऊस लागला, कोबीचं काम बंद. तेव्हा त्यांनी ते जोडलं. निव्वळ वेळ जाईना म्हणून.

सोमवारी ते दुकानात आले आणि टोपी न काढताच माझ्याशी बोलायला लागले. "त्या तबकड्यांत खरखर नाही."

"कशी नसेल?"

"मला येत नाही ऐकू! अगं, खरखर बारीक असते, वरच्या सुरांची. ती माझ्यापर्यंत पोचतच नाही. आणि त्या काळातल्या यंत्रांना वरचे सूर टिपताच येत नव्हते, त्यामुळे जे काही तबकडीत आहे ते बहुतेक सगळं मला ऐकू येतं. चेलो आहे एक. सगळा येतोय. तो माणूस श्वास घेतो तोही येतोय." मग त्यांनी टोपी काढली. "चार हजार रेकॉर्ड्स आहेत माझ्याकडे आणि मी मोटारीच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर बसून एरलच्या मावशीचं ऐकतोय."

बैठक पुन्हा सुरू झाली. आता लाखेच्या तबकड्या. खरं सांगायचं तर आमच्यासाठी ते अवघड होतं. चांगले कान असलेल्यांना त्या दगडी स्पीकरमधून समोर बेकन तळायचं दुकान उघडल्यासारखं वाटायचं. चारजण दोन बैठकींनंतर यायचे बंद झाले. त्यांना कोणी दोष दिला नाही.

मिस किनेर्ड पहिल्याच दिवशी आल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि पहिली तबकडी संपताच म्हणाल्या, "असह्य आहे."

"काय असह्य आहे?" मिस्टर डनेट पुढे झुकले.

"आवाज! मासळी तळतायत. आणि तो चेलोवाला काय करतोय? हा भाग सावकाश वाजवायचा असतो. ह्याला कोणी सांगितलंय का, की बाजू चार मिनिटांत संपते, उरक बाबा?"

"खरंच सांगितलं असेल. बाजू चार मिनिटांतच संपायची."

"मग अर्धं वाजवायचं! पण नीट वाजवायचं!"

"तुम्हाला काही आवडतंच नाही, मिस किनेर्ड."

"आणि तुम्हाला तर काही ऐकूच येत नाही, मिस्टर डनेट."

 मी नोएलीनकडे बघितलं, ती चहा घेऊन दारात आली होती. मग मिस्टर डनेट हसायला लागले. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

दुकान त्यांनी ब्याऐंशी साली विकलं. नंतरची आठ वर्षं ते गाडी घेऊन आसपासच्या शेतांवर फिरायचे. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या लोकर कातरायच्या शेडमध्ये तबकड्या सापडायच्या. लोक त्या फुकट द्यायचे, वर जेवायला घालायचे. घरी आल्यावर कोणाकडे काय मिळालं आणि कोणाच्या घरी कोणता बूट अजून टिकून आहे, दोन्ही सांगायचे. आधीच्या चार हजारांचं त्यांनी फार काही केलं नाही. बैठकीला येणाऱ्यांना म्हणाले, आवडेल ते घेऊन जा. मी पन्नासेक आणल्या. अजून ऐकते. एरलनं फक्त पियानोच्या घेतल्या. मिस किनेर्डनी एकच नेली आणि पुढच्या महिन्यात परत आणून दिली. मधला भाग सहन होत नाही म्हणाल्या.

मिस्टर डनेट नव्वद साली गेले, हृदय बंद पडून, एका शुक्रवारी सकाळी. नोएलीनला अंत्यविधीसाठी संगीत निवडायचं लक्षातच राहिलं नाही, त्यामुळे चर्चच्या ऑर्गनवर नेहमीचंच वाजलं. मिस किनेर्ड माझ्या शेजारी बसल्या होत्या. अर्ध्यात माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "फार ओढतोय." नंतर त्यांनी हातमोजे काढले आणि परत घातले.

नोएलीननं घर विकलं आणि मुलीकडे नेल्सनला गेली. तिथे तिला समुद्राकडची खोली मिळाली आहे. लाखेच्या सगळ्या तबकड्या एरलनं ट्रकात भरून काकानुईला नेल्या. आता बैठक त्याच्या शेडमध्ये होते. सुरुवातीला आम्ही सहाजण होतो. एरल चांगला माणूस आहे, चहा भरपूर करतो, तबकड्या नीट हाताळतो. पण कोणी काही म्हटलं की त्याला ते पटतं. वादक घाईत आहे म्हटलं तर हो म्हणतो, घाईत नाही म्हटलं तरी हो म्हणतो. मिस किनेर्डनी एक वर्ष बघितलं. मग गुडघे दुखतात असं सांगून यायच्या बंद झाल्या.